चितारलेला नट आणि चितारणारा हात



ह्या व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत ह्यांवर तो बोलणार. ते विषय आम्ही सोडलेले नाहीत. परंतु आज आम्ही चित्रपटावर बोलणार आहोत, आणि तेही चित्रपटाच्या एका आडबाजूच्या शाखेवर. जिवंत नट आणि हाताने काढलेले हलते चित्र एकाच पडद्यावर येतात, एकमेकांशी बोलतात, भांडतात, प्रेमही करतात, अशा चित्रपटांचा हा इतिहास आहे. त्यांतही मोठ्या माणसांसाठी जे काढले गेले त्यांच्याकडे आम्ही अधिक पाहणार आहोत. कार्टून म्हणजे पोरांचा खेळ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. इतिहास तसे सांगत नाही.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे कलासमीक्षकांची परिभाषा आम्हांस येत नाही. कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणी केली, किती वेळात केली, त्याला काय मिळाले आणि त्याचे नाव कोठे आहे, हे चार प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय आहे. तेच प्रश्न आज ह्या चित्रपटांना विचारावयाचे आहेत.

प्रारंभ १९०० सालचा. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन नावाच्या चित्रकाराने एडिसनच्या कंपनीसाठी एक लहानशी फिल्म केली. मोठ्या कागदावर तो एका माणसाचा चेहरा काढतो, शेजारी दारूची बाटली आणि पेला काढतो, आणि हात पुढे करून ती बाटली कागदातून खरीखुरी बाहेर घेतो. कागदावरचा चेहरा त्यामुळे नाराज होतो. युक्ती साधी होती. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि कॅमेरा पुन्हा फिरवायचा. पुढे १९०८ साली फ्रान्समध्ये एमिल कोल ह्याने सुमारे सातशे चित्रे काढून दोन मिनिटांहून लहान अशी एक फिल्म तयार केली. तिच्यात प्रथम दिसतो तो चित्रकाराचा हात. तो हात रेघांचा विदूषक काढतो आणि मग विदूषक आपल्या मनाने धावू लागतो.

१९१४ साली विन्सर मॅके ह्या वृत्तपत्रातील व्यंगचित्रकाराने ह्याच कल्पनेला नाटकगृहाच्या रंगमंचावर आणले. पडद्यावर गर्टी नावाची एक अवाढव्य प्राचीन प्राणीण आणि पडद्याशेजारी हातात चाबूक घेतलेला स्वतः मॅके. तो हुकूम सोडी आणि गर्टी कधी ऐके, कधी हट्ट करी, आणि दरडावले तर रडे. शेवटी मॅके पडद्याच्या मागे जाई, आणि त्याच क्षणी चित्रातला मॅके गर्टीवर स्वार होऊन निघून जाई. ह्या खेळासाठी सुमारे दहा हजार चित्रे काढावी लागली. प्रत्येक चित्रात मागचे डोंगर, झाडे, पाणी पुन्हा काढावे लागे. हे मागचे देखावे गिरविण्याचे काम जॉन फिट्झसिमन्स नावाच्या तरुण शेजाऱ्याने केले. प्रेक्षकांना मात्र चाबूकवाला एकटाच दिसला.

येथून आमच्या विषयाला खरा आरंभ होतो. पुढे बोलपट आला तेव्हा एका सेकंदाला २४ चौकटी ठरल्या. दहा मिनिटांच्या फिल्मला १४,४०० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सात हजारांवर चित्रे हवीत. एकटा माणूस हे किती दिवस करणार? १९१४ च्या सुमारास अर्ल हर्ड ह्याने सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावाची युक्ती काढली. देखावा एकदाच रंगवायचा आणि हलणारे पात्र पारदर्शक तावावर काढून त्याच्यावर ठेवायचे. ह्याने श्रम वाचले, आणि श्रमाची वाटणीही झाली. मुख्य चित्रकार हालचालीच्या ठळक अवस्था काढणार. त्यांच्या मधली चित्रे दुसरा भरणार. तिसरी ती तावावर शाईने गिरविणार, चौथी ताव उलटा करून रंग भरणार आणि पाचवा कॅमेऱ्याखाली एकेक ताव ठेवणार. तिसरी आणि चौथी असे आम्ही म्हटले, कारण मोठ्या स्टुडिओंतून शाई आणि रंगाचे काम बव्हंशी स्त्रियांकडे आले, आणि वरच्या चित्रकाराच्या टेबलापर्यंत त्यांना क्वचितच पोहोचू दिले गेले. ज्यांनी गिरणीतले साचेखाते आणि बाइंडिंगखाते पाहिले आहे त्यांना ही रचना नवी वाटणार नाही.

ह्याच काळात आपल्याकडेही हा खटाटोप चालू होता. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक चौकटीने हलवून 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली. ती आज उपलब्ध नाही. परंतु १९१७ साली चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारी एक फिल्म त्यांनी काढली, तिचे काही तुकडे शिल्लक आहेत. तीत दादासाहेब स्वतः काम करताना दिसतात. ज्याने वस्तू केली त्यानेच ती कशी केली हे दाखवावे, हा मोकळेपणा आम्हांला मोलाचा वाटतो. त्यांच्या घरी रात्री दिव्यापाशी बसून फिल्मला भोके पाडणाऱ्या आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक पाहणाऱ्या सरस्वतीबाईंचे नाव आज चार लोक घेतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पुष्कळ वर्षे कोणी घेत नव्हते.

आता न्यूयॉर्कला जाऊ. मॅक्स फ्लायशर आणि त्याचा भाऊ डेव्ह ह्यांनी एक यंत्र बसविले. जिवंत माणसाची फिल्म काचेवर एकेक चौकट पाडायची आणि तिच्यावर कागद ठेवून हालचाल गिरवायची. १९१७ साली त्याचे पेटंट मिळाले. विदूषकाचा पोशाख घालून डेव्ह नाचला आणि त्याच्यावरून 'को-को' हा कार्टून विदूषक जन्मला. १९१८ पासून निघालेल्या त्यांच्या मालिकेत मॅक्स स्वतः टेबलाशी बसलेला दिसतो. दौतीतून को-को बाहेर पडतो, मालकाच्या खोड्या काढतो, खऱ्या शहरात धिंगाणा घालतो आणि शेवटी पुन्हा दौतीत कोंबला जातो. आम्हांला ह्या मालिकेत एक बोलकी गोष्ट दिसते. टेबलाशी एकटा मॅक्स आहे. त्या टेबलामागे मजुरांची जी रांग उभी राहिली होती ती चित्रात नाही.

ह्याच स्टुडिओतून १९३० साली बेटी बूप आली. तोकड्या झग्याची ही नाचणारी मुलगी मुलांसाठी नव्हतीच. मंदीच्या दिवसांत रात्रीच्या खेळाला येणाऱ्या शहरी प्रेक्षकांसाठी ती होती. १९३२ सालच्या एका फिल्मच्या आरंभी कॅब कॅलोवे हा कृष्णवर्णीय गायक आपल्या वाद्यवृंदासह प्रत्यक्ष दिसतो. मग चित्र सुरू होते आणि गुहेतला एक भुताटकीचा वॉलरस थेट कॅलोवेच्या पावलांनी नाचतो, कारण त्याची हालचाल कॅलोवेच्या नाचावरून गिरविली होती. ज्या काळात गोऱ्यांच्या कित्येक नाचघरांत कृष्णवर्णीयांना गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता त्या काळातली ही गोष्ट आहे. १९३४ च्या जुलैपासून हॉलिवुडची नीतिसंहिता कडकपणे लागू झाली. बेटीचा झगा लांब झाला, तिला घरकाम आणि एक कुत्रा मिळाला, आणि तिच्यातला जीव हळूहळू ओसरला. अमेरिकेत कार्टून मुलांचे झाले ते असे. त्यात सेन्सॉरच्या कात्रीचा आणि बाजाराच्या सोयीचा मोठा वाटा होता.

झगा लांब झाला, पण कामाचे तास आखूड झाले नाहीत. १९३७ च्या मे महिन्यात फ्लायशर स्टुडिओतील कामगारांनी संप पुकारला. अमेरिकेतील कार्टूनच्या धंद्यातला हा पहिला मोठा संप होय. मधली चित्रे भरणारे, शाईवाल्या आणि रंगवाल्या, म्हणजे सगळ्यांत कमी पगाराची माणसे, ब्रॉडवेच्या रस्त्यावर फलक घेऊन उभी राहिली. संघटनेत गेल्याबद्दल काही जणांना काढून टाकले होते, हे ठिणगीचे निमित्त. पाच महिने संप चालला. ऑक्टोबरात तडजोड झाली. संघटनेला मान्यता, पगारवाढ आणि पगारी रजा मिळाली. परंतु १९३८ साली मालकांनी सारा स्टुडिओ उचलून फ्लॉरिडात मायामी येथे नेला. तेथे करसवलत होती, जागा मोठी होती आणि संघटनेचा जोर कमी होता. संप जिंकला की कारखाना हलवायचा, हा डाव तुमच्या आमच्या परिचयाचा आहे. चार वर्षांच्या आत तो स्टुडिओ फ्लायशर बंधूंच्याही हातून गेला.

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियातला. १९३७ च्या डिसेंबरात वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट' निघाला आणि त्याने अमाप पैसा मिळविला. त्या पैशातून बरबँक येथे नवा स्टुडिओ उभा राहिला. पुढे युरोपात युद्ध पेटले, बाजार गेला, १९४० चे दोन्ही मोठे चित्रपट तोट्यात आले आणि कपात सुरू झाली. पगारांत तफावत मोठी होती. लघुपटांवर नाव झळके ते एकट्या वॉल्टचे. आर्ट बॅबिट हा स्टुडिओतला अव्वल चित्रकार. स्वतःचा पगार उत्तम असूनही तो खालच्यांच्या बाजूने संघटनेत गेला, म्हणून त्याला काढले. लगेच २९ मे १९४१ रोजी संप झाला आणि शेकडो कलावंत फाटकाबाहेर बसले.

आता योग पाहा. नेमक्या त्याच जून महिन्यात डिस्नेचा 'द रिलक्टंट ड्रॅगन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. हा मिश्र चित्रपट होता. रॉबर्ट बेंचली हा विनोदी लेखक डिस्नेच्या स्टुडिओत फेरफटका मारतो आणि हसतमुख चित्रकार, रंग कालवणाऱ्या मुली, कॅमेऱ्याची खोली असे सारे पाहतो, अशी त्याची मांडणी आहे. ह्यांतले काही जण खरे कामगार होते आणि काही भाड्याचे नट. आत पडद्यावर सुखी कामगार आणि बाहेर चित्रपटगृहाच्या दारात त्याच स्टुडिओचे संपकरी! त्यांनी ड्रॅगनचेच सोंग आणले होते आणि त्याला तोंड वॉल्टचे दिले होते. चित्रकारांचे फलक, तेव्हा ते देखणे असणारच. ह्या एका चित्रपटात आमचा सारा विषय आला आहे. हात दाखवायचा, पण त्या हाताला बोलू द्यायचे नाही.

सरकारी मध्यस्थ आला. ऑगस्टात वॉल्ट सरकारी खर्चाच्या सद्भावना दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेस गेला, आणि सप्टेंबरपर्यंत निवाडा बहुतांशी संघटनेच्या बाजूने झाला. त्या दौऱ्यातूनच 'द थ्री कॅबालेरोज' हा चित्रपट निघाला. १९४४ च्या डिसेंबरात मेक्सिकोत तो प्रथम दाखविला गेला. त्यात डोनाल्ड डक हे बदक जिवंत नटींच्या मागे वेड्यासारखे धावते आणि ऑरोरा मिरांडा ही ब्राझीलची गायिका त्याचे चुंबन घेते. मुलांच्या लाडक्या बदकाचे हे चाळे पाहून त्या काळचे काही समीक्षक चकित झाले. १९४७ च्या ऑक्टोबरात वॉल्टने वॉशिंग्टनच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली, संपामागे कम्युनिस्ट होते असे सांगितले आणि नावेही घेतली. अशा एकेका नावामागे एकेक घर असते. कामगार चळवळीत ज्यांची उमर गेली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. तथापि त्या संपातून बाहेर पडलेल्यांनी पुढे 'यूपीए' नावाचा स्वतःचा स्टुडिओ काढला आणि कार्टूनच्या रेषेलाच नवे वळण दिले. बॅबिट कोर्टात भांडून परत कामावर आला, आणि उतारवयात लंडनला जाऊन तरुण चित्रकारांना शिकवू लागला. ते तरुण रिचर्ड विल्यम्सच्या स्टुडिओतले. हे नाव लक्षात ठेवा.

मोठ्यांच्या कार्टूनची दुसरी लाट १९७० नंतरची. राल्फ बाक्षी हा ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढलेला. त्याची पहिली नोकरी सेल्युलॉइडचे ताव पुसण्याची, म्हणजे अगदी तळाची. १९७२ साली त्याच्या 'फ्रिट्झ द कॅट'ला केवळ प्रौढांसाठी असलेले 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. अमेरिकन कार्टूनपटात ते पहिलेच. १९७३ च्या 'हेवी ट्रॅफिक'मध्ये जिवंत माणसे, शहराची छायाचित्रे आणि चितारलेली पात्रे ह्यांची सरमिसळ आहे. पैसा कमी म्हणून मागे छायाचित्रे वापरली, आणि त्यातूनच न्यूयॉर्कच्या बकाल गल्ल्यांची खरी कळा पडद्यावर आली. १९७५ च्या 'कूनस्किन'मध्ये तुरुंगाच्या भिंतीशी दबून बसलेले दोन जिवंत कैदी आहेत, आणि त्यांतल्या एकाने सांगितलेली गोष्ट तेवढी चित्रांत आहे. वर्णद्वेषी जुन्या कार्टूनांची विकृत तोंडे बाक्षीने मुद्दाम वापरली, त्या तोंडांचीच चेष्टा करण्यासाठी. समानतेसाठी झगडणाऱ्या एका संघटनेने त्याविरुद्ध निदर्शने केली आणि पहिल्या वितरकाने चित्रपट सोडून दिला. विडंबन करताना शिवी उलटवता येते की ती पुन्हा लागतेच, हा वाद तेथे मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे आहे असे आम्हांला वाटते. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की ह्या चित्रपटासाठी बाक्षीने कृष्णवर्णीय चित्रकारांना कामावर घेतले. त्या धंद्यात ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती.

१९८८ साली 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' आला. डिस्नेच्या कंपनीचा असूनही तो डिस्नेच्या नावाखाली न काढता मोठ्यांच्या चित्रपटांसाठी ठेवलेल्या टचस्टोन ह्या नावाखाली काढला गेला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, आणि चित्रांचा प्रमुख तोच रिचर्ड विल्यम्स. बॉब हॉस्किन्स हा नट रिकाम्या हवेकडे पाहून बोलला. पेले, तबके, खुर्च्या तारांनी आणि यंत्रांनी हलविल्या. मग प्रत्येक चौकटीचे छायाचित्र काढून त्याच्यावर ससा हाताने चितारला. त्याची सावली वेगळी काढली, उजेड वेगळा काढला आणि सारे प्रकाशयंत्राने एकत्र छापले. ह्या चितारण्यात संगणक नव्हता. टांगलेल्या दिव्याला धक्का लागून तो झुलतो असा एक प्रसंग आहे. दिवा झुलला की सशावरची सावली प्रत्येक चौकटीत बदलते, आणि ती कोणीतरी बसून काढली आहे.

कथा १९४७ सालच्या लॉस एंजेलिसची. तेथे कार्टून पात्रे ही खरी जमात आहे. ती वेगळ्या वस्तीत राहतात आणि स्टुडिओत थोडक्या मोलावर राबतात. शहरात एक नाचघर आहे. तेथे कार्टूनांनी नाचायचे, वाजवायचे, वाढायचे, पण गिऱ्हाईक म्हणून फक्त माणसांनी यायचे. कॅलोवेच्या काळच्या नाचघरांची ही उघड आठवण आहे. त्या नाचघराचे नाव 'इंक अँड पेंट', म्हणजे स्टुडिओतल्या बायकांच्या त्याच खात्याचे नाव. तेथे सिगारेटी विकत फिरणारी बेटी बूप भेटते. रंगीत चित्रे आल्यापासून काम मिळत नाही, अशी तिची तक्रार आहे. यंत्र बदलले आणि हाताला काम उरले नाही! हा संवाद ऐकून थिएटरात लोक हसले असतील. आमच्या ओळखीच्या कित्येक कंपोझिटरांना हसू आले नसते.

खलनायकाचा बेतही समजून घेण्यासारखा आहे. ट्राम विकत घेऊन बंद पाडायची, कार्टूनांची वस्ती पुसून टाकायची आणि त्या जमिनीवरून मोटारींचा मोठा रस्ता न्यायचा. वस्ती पुसण्यासाठी त्याने जे द्रावण केले आहे त्यात टर्पेंटाइन, ॲसिटोन आणि बेंझिन आहे, म्हणजे चित्राचा रंग ज्याने विरघळतो तेच. लॉस एंजेलिसच्या त्या तांबड्या गाड्या प्रत्यक्षात १९६१ साली संपल्या, आणि मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी. वस्तीची जमीन कोणाच्या नावावर आहे, ह्या एका मृत्युपत्रावर सारी कथा फिरते. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांना ही कथा केवळ सशाची वाटणार नाही.

ह्या यशानंतर १९९२ साली बाक्षीने 'कूल वर्ल्ड' केला. त्याला प्रौढांचा भयपट हवा होता. निर्मात्याने कथा बदलून ती सौम्य केली आणि चित्रपट पडला. हाताने चितारण्याचा काळही तेव्हा सरत आला होता.

पण प्रकार संपला नाही, उलट तो सर्वत्र पसरला. आज कित्येक मोठ्या चित्रपटांत जिवंत नटाशेजारी संगणकावर घडविलेले पात्र असते, आणि ते काम करणारे हात पुष्कळदा आपल्याकडचे असतात. २०१२ च्या 'लाइफ ऑफ पाय'मधील वाघ बहुतेक प्रसंगांत असाच घडविलेला आहे. तो ज्या 'रिदम अँड ह्यूज' कंपनीने मुख्यतः घडविला तिच्या शाखा मुंबईला आणि हैदराबादलाही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि थोड्याच दिवसांनी त्या वाघाला ऑस्कर मिळाले. सभागृहात बक्षीस घेणारा कामगारांच्या अडचणींविषयी बोलू लागला तेव्हा संगीत वाजवून त्याचे भाषण तोडले. बाहेर रस्त्यावर ह्या धंद्यातले शेकडो लोक निदर्शने करीत होते. १९४१ चा जून आणि २०१३ चा फेब्रुवारी शेजारी ठेवून पाहा. आत पडदा, बाहेर फलक.

ह्या गोष्टीला पुढचा भागही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओच्या दृश्यपरिणाम खात्यातील कामगारांनी एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी हॉलिवुडचे लेखक आणि नट संपावर होते, आणि यंत्राने केलेली नटाची प्रतिकृती कोणाच्या मालकीची, हा त्यांचा एक मुख्य प्रश्न होता. फ्लायशरने कॅलोवेचा नाच गिरविला तेव्हापासूनचा हा प्रश्न आहे. नाचला एक, गिरविला दुसऱ्याने आणि मालकी तिसऱ्याची.

आमच्या युनियनच्या कचेरीत मधूनमधून ह्या धंद्यातली मुले येतात. आपण कामगार आहोत हे त्यांना प्रथम पटत नाही. आम्ही आर्टिस्ट, असे ती म्हणतात. रात्री दोनपर्यंत बसतात, जादा कामाचा पैसा मागायला संकोचतात, आणि प्रकल्प संपला की घरी. त्यांना आम्ही बॅबिटची हकीकत सांगतो. तो मोठा कलावंत होता आणि संपातही होता. एकाने दुसऱ्याला बाध आला नाही.

श्रोत्यांना आमची एकच विनंती आहे. चित्रपट संपला की दिवे लागतात, आपण उठतो, चपला शोधतो आणि पडद्यावर नावे सरकत राहतात. पुढच्या वेळी ती नावे संपेपर्यंत बसा. ज्यांची नावे आली ती वाचा, आणि जी आली नाहीत ती कोणाची असतील, हे घरच्या वाटेवर एकमेकांना विचारा.